पेढीवरून पार्लमेंटात : दादाभाई नौरोजी

प्रस्तावना

दादाभाई नौरोजींची आपल्याकडची ओळख चार शब्दांत उरकते. हिंदचे पितामह, आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष, ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले हिंदी गृहस्थ. शाळेच्या पुस्तकातला पांढऱ्या दाढीचा, पारशी पगडीचा फोटो सगळ्यांना आठवतो. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, फ्लोरा फाउंटनपाशी पुतळा आहे. या सगळ्या मानसन्मानातून एक गोष्ट मात्र निसटून जाते. १८५५ साली दादाभाई विलायतेला गेले तेव्हा ना ते पुढारी होते, ना बॅरिस्टर व्हायला निघाले होते. ते गेले व्यापार करायला. पुढची पंचवीसेक वर्षे परक्या मुलखात कापसाचे सौदे, भागीदारांशी वाद, पेढीचे चढउतार आणि धनकोंचे तगादे यांत त्यांचा जीव गुंतलेला होता. पार्लमेंटात पाऊल ठेवले तेव्हा वय सदुसष्टीला टेकले होते.

हे चरित्र त्या व्यापाऱ्यापासून सुरू व्हायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. दादाभाईंचे राजकारण त्यांच्या पेढीच्या वहीतून निघाले. सरकारी आकडे ते व्यापाऱ्याच्या नजरेने वाचत. माल गेला, त्याचे पैसे कुठे आहेत, हा साधा प्रश्न त्यांनी एका साम्राज्याला विचारला आणि पन्नास वर्षे त्याचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्या आधी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर हळहळणारे पुष्कळ होते. हिशेब मागणारा, तोही राजधानीत ठाण मांडून मागणारा, हा पहिला माणूस.

जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा, एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरचा. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई निरक्षर, पण मुलाला शिकवायचेच या निश्चयाची. भावाच्या आधाराने तिने ते पार पाडले. त्या काळी मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती. दादाभाईंनी आयुष्यभर या गोष्टीची जाण ठेवली. आपण शिकलो ते लोकांच्या पैशावर, तेव्हा ते लोकांना परत केले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. कर्ज फेडावे तसे त्यांनी ते फेडले. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका इंग्रज प्राध्यापकाला हा मुलगा हिंदुस्थानची आशा वाटत होता. १८४५ मध्ये सर अर्स्किन पेरींनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवायची सूचना केली, निम्मा खर्चही देऊ केला. पारशी शेट्यांनी मात्र हात आखडता घेतला. दोन पारशी मुलांच्या धर्मांतराने काही वर्षांपूर्वीच मुंबईत मोठे वादळ उठले होते आणि मुलगा परदेशी जाऊन ख्रिस्ती होईल ही धास्ती समाजात ताजी होती.

मग दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच शिकवू लागले आणि गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. त्या कॉलेजात पूर्ण प्राध्यापकपदावर बसलेले ते पहिले हिंदी. त्या चार-सहा वर्षांत दादाभाई आणि त्यांच्या बरोबरच्या तरुणांनी मुंबईत जे उभे केले ते पाहून छाती दडपते. १८४८ मध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रीय सभा निघाली, आणि लगोलग तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक मंडळ्या. १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या. कॉलेजची पोरे आपल्या फावल्या वेळात तिथे बिनपगारी शिकवत. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढून जेमतेम वर्ष झाले होते. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी या कामाच्या पाठीशी होते. १८५१ मध्ये दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, त्यातही ते होतेच.

मराठी वाचकाने इथे जरा रेंगाळावे. ज्या एल्फिन्स्टनमध्ये दादाभाई घडले तिथेच बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते. तिथल्याच मराठी विद्वानांच्या वर्तुळातल्या भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ला टोपणनावाने पत्रे लिहिली आणि इंग्रजांनी या देशाची संपत्ती कशी ओढून नेली हे बेधडक मांडले. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ हीच भाषा बोलत होते. रामकृष्ण विश्वनाथांनी १८४३ मध्ये हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, त्यातही हा विचार आहे. आर्थिक निःसारणाची तक्रार दादाभाईंच्या डोक्यात लंडनला एकाएकी उगवली नाही. ती मुंबईच्या हवेत होती, आणि तिचा पहिला मोठा उच्चार मराठी माणसांनी केला. हे सांगितल्याने दादाभाईंचे मोठेपण उणे होत नाही. तर्खडकर एकतिसाव्या वर्षाच्या आसपासच गेले, त्यांच्या पत्रांवर धूळ बसली. त्या तक्रारीला आकड्यांचा कणा देऊन ती वेस्टमिन्स्टरच्या दारापर्यंत नेण्याचे काम दुसऱ्या कुणाच्या हातून झाले नाही.

२७ जून १८५५ रोजी दादाभाई मुंबईहून निघाले. बरोबर खरशेटजी रुस्तमजी कामा आणि मंचेरजी होरमसजी कामा. लंडन आणि लिव्हरपूल इथे ‘कामा अँड कंपनी’ उघडायची होती. इंग्लंडात हिंदी माणसांनी काढलेली ही पहिली पेढी. प्राध्यापकपद सोडून व्यापारात पडतो म्हणताच कॉलेजातल्या लोकांना धक्काच बसला. पण दादाभाईंचा विचार वेगळा होता. इंग्लंडात हिंदी माणसांची ये-जा सुरू व्हावी, तरुणांना तिथे उतरायला जागा असावी, सनदी परीक्षेला बसणाऱ्यांना आधार मिळावा, हे सगळे त्यांना दिसत होते. शिवाय घरखर्च होताच.

लिव्हरपूल हे तेव्हा जगातल्या कापसाचे बंदर. लँकेशरच्या गिरण्यांना लागणारा माल तिथे उतरायचा. अमेरिकेचा कापूस लांब धाग्याचा, म्हणून पहिल्या पसंतीचा. हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा, कचरा जास्त, म्हणून भाव कमी. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, भडोच इथल्या शेतकऱ्याच्या घामाची किंमत लिव्हरपूलच्या दलालांच्या बोटांवर ठरत होती. दादाभाई हा बाजार आतून पाहत होते. मालाचा भाव, जहाजाचे भाडे, विमा, हुंडणावळ, अडत, व्याज, हे सगळे वजा जाता शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून कळत होते. पुस्तकी अर्थशास्त्र त्यांनी नंतर वाचले, जॉन स्टुअर्ट मिलचे वाचले, पण पहिला धडा अडतीच्या कागदांनी दिला.

कामांच्या पेढीत ते तीन वर्षे टिकले. अफू आणि दारूच्या धंद्यातून येणारा नफा त्यांना नको होता. ज्या काळात मुंबईची अर्धी श्रीमंती चीनकडे जाणाऱ्या अफूवर उभी होती त्या काळात एका भागीदाराने असे म्हणणे म्हणजे भागीदारी मोडणेच होते. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची ‘दादाभाई नौरोजी अँड कंपनी’ काढली, कापसाची. दोन वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस यायचा थांबला आणि लिव्हरपूलचे डोळे मुंबईकडे लागले. भाव गगनाला भिडले. मुंबईत शेअरबाजाराचा तो प्रसिद्ध ताप चढला, प्रेमचंद रायचंदांचे नाव घराघरांत झाले, बॅकबेच्या समुद्रात जमीन निर्माण व्हायच्या आधी तिचे भाव ठरू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळे कोसळले. दादाभाईंच्या पेढीलाही याचा फटका बसला. धनकोंनी त्यांना सांभाळून घेतले ते निव्वळ त्यांच्या सचोटीवर. पेढी पुढे कशीबशी चालली आणि १८८१ मध्ये त्यांनी तिला रामराम ठोकला. व्यापारी म्हणून दादाभाई यशस्वी झाले असे कोणी म्हणणार नाही. मात्र बाजार चढतो कशाने, पडतो कशाने, आणि पडल्यावर त्याखाली कोण चिरडतो, हे ते स्वतःच्या पैशाने शिकले होते.

पेढीच्या जोडीला इतर उद्योग चाललेलेच होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापक होते. १८६१ मध्ये युरोपातल्या पारशांची संस्था, १८६५ मध्ये उमेशचंद्र बॅनर्जींबरोबर लंडन इंडियन सोसायटी, १८६६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन. त्याच साली जॉन क्रॉफर्ड या विद्वानाने आशियाई माणूस मुळातच कमी कुवतीचा असल्याचे मांडले. दादाभाईंनी त्याला लंडनच्याच सभेत मुद्देसूद उत्तर दिले. परक्या देशात राहणारा व्यापारी सहसा असल्या भानगडीत पडत नाही. गिऱ्हाईक दुखावेल, उधारी बंद होईल, ही भीती असते. दादाभाई पडले.

आता त्या हिशेबाकडे वळू, कारण या चरित्राचा गाभा तोच आहे. २ मे १८६७ रोजी त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे एक निबंध वाचला. हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलापैकी जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर निघून जातो, असे त्यात मांडले होते. त्यामागचा युक्तिवाद कोणत्याही पेढीवाल्याला पटेल असा आहे. एखादा देश शंभर रुपयांचा माल बाहेर पाठवतो, तेव्हा त्याला शंभराहून अधिक परत मिळायला हवेत, कारण त्यात व्यापाऱ्याचा नफा मिळवलेला असतो. म्हणूनच इंग्लंडसारख्या देशांची आयात निर्यातीपेक्षा मोठी दिसते. हिंदुस्थानचे उलट. निर्यात मोठी, आयात लहान, आणि हे दरसाल. सरकारी पंडित याला भरभराटीची खूण म्हणत. दादाभाई म्हणत, गेलेल्या मालाचे पैसे परत आलेले नाहीत, एवढाच याचा अर्थ.

मग ते पैसे जात कुठे होते? इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, लष्कराचा खर्च, रेल्वेच्या भांडवलावर सरकारने हमी दिलेले व्याज, कर्जाचे व्याज. ‘होम चार्जेस’ या नावाखाली हे सगळे लंडनला चुकते करावे लागे. पैसे पोहोचवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. भारतमंत्री लंडनमध्ये ‘कौन्सिल बिले’ विकत. इंग्रज व्यापारी पौंड मोजून ती घेत, हिंदुस्थानात पाठवत, तिथल्या सरकारी खजिन्यातून त्यांचे रुपये होत, आणि त्या रुपयांत कापूस, गहू, ताग, गळिताची धान्ये विकत घेऊन जहाजात भरली जात. खजिन्यात हे रुपये आलेले असत शेतसाऱ्यातून. म्हणजे वऱ्हाडातल्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याच्या पैशातून त्याचाच कापूस खरेदी होई आणि त्याची खरी किंमत लंडनमध्ये जमा होई. वरवर पाहता सगळा व्यवहार चोख. कुठे लूट नाही, दरोडा नाही, प्रत्येक कागदावर सही-शिक्का आहे. म्हणूनच तो उघडकीला आणायला असा माणूस लागला ज्याने हुंड्या स्वतः लिहिल्या होत्या आणि वटवल्या होत्या.

पुढचे पाऊल जास्त अवघड होते. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न काढले. अशी आकडेमोड त्यापूर्वी सरकारनेही केलेली नव्हती. प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल घेऊन, कोणत्या पिकाखाली किती जमीन, एकरी किती पीक, बाजारात काय भाव, असे एकेक मांडत ते गेले. आणि त्यांना दिसले की अहवालांमधल्या सरासऱ्याच चुकीच्या आहेत. मध्य प्रांताच्या आकड्यांत भाताचा सरासरी भाव काढताना सगळ्या जिल्ह्यांचे भाव मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. जिथे भात मुबलक पिकतो तो जिल्हा आणि जिथे नावापुरता पिकतो तो जिल्हा, दोघांचे वजन एकच. पहिल्या वर्षाचा कारकूनही असे करणार नाही. साहेबाने सही केलेला अहवाल आणि त्यात शाळकरी चूक, हे दादाभाईंनी जगापुढे ठेवले. त्यांचा स्वतःचा आकडा असा आला: ब्रिटिश हिंदुस्थानचे सगळे उत्पन्न ३४ कोटी पौंड, माणसे १७ कोटी, म्हणजे माणशी ४० शिलिंग, २० रुपये. वर्षाला.

वीस रुपयांत माणूस जगतो का, हा प्रश्न त्यांनी भावनेवर सोडला नाही. परदेशी मजुरीला जाणाऱ्या कुलींना जहाजावर जो शिधा सरकारी डॉक्टर ठरवून देत, त्याची किंमत काढली. तुरुंगातल्या कैद्यावर होणारा खर्च काढला. नुसते जगायला माणशी साधारण ३४ रुपये लागतात असे निघाले. सरकार आपल्या कैद्याला जेवढे खाऊ घालते तेवढे सरकारची सरासरी रयत मिळवत नाही, हे सरकारच्याच कागदांवरून सिद्ध झाले. मला या सबंध साहित्यात यापेक्षा जळजळीत वाक्य माहीत नाही, आणि ते कोष्टकात लपलेले आहे.

या आकड्यावर टीका पुष्कळ झाली. इंडिया ऑफिसमधल्या अधिकाऱ्यांनी म्हटले की यात रेल्वे आणि सेवा यांचे उत्पन्न धरलेले नाही. या टीकेत तथ्य आहे, आणि आजच्या अर्थशास्त्रज्ञांतही निःसारणाच्या एकूण परिणामाबद्दल एकमत नाही. पण १८८२ मध्ये खुद्द सरकारने अंदाज केला तेव्हा तो २७ रुपयांचा निघाला, आणि कर्झनसाहेबांचा १९०१ च्या सुमाराचा ३०. पंचवीसेक वर्षांनंतरचा, सरकारला सोयीचा आकडासुद्धा त्या ३४ च्या खालीच राहिला. न्यायमूर्ती रानड्यांचा मतभेद वेगळा होता. देश बाहेर काय पाठवतो यावर डोळे लावून बसण्यापेक्षा देशात उद्योग उभे करण्याकडे लक्ष द्यावे, असे त्यांना वाटे. दोघेही एल्फिन्स्टनचे, दोघांनाही एकमेकांबद्दल आदर. माझ्या मते रानड्यांचे उत्तर अधिक दूरदृष्टीचे, पण दादाभाईंचा प्रश्न आधी विचारला गेल्यावाचून ते उत्तर सुचलेच नसते.

बडोद्याचे प्रकरण थोडक्यात सांगून पुढे जातो. १८७३ च्या अखेरीस मल्हारराव गायकवाडांनी त्यांना दिवाण म्हणून बोलावले. दरबारचा कारभार सडलेला, आणि रेसिडेंट कर्नल फेअर दादाभाईंच्या विरोधात. वर्षभराच्या आतबाहेर झगडून जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर काही दिवसांतच मल्हाररावांना अटक झाली आणि पुढे गादीही गेली. स्वतःच्या हाती सत्ता मिळूनही वर एक रेसिडेंट बसला असेल तर काय होते, हे त्यांना तिथे कळले.

१८८५ च्या डिसेंबरात गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेस जन्मली, दादाभाई तिथे होते. त्याच साली मुंबईच्या कायदे कौन्सिलातही ते बसले. आणि १८८६ मध्ये, साठी उलटलेली असताना, ते पार्लमेंटची निवडणूक लढवायला लंडनला गेले. याला धाडस म्हणावे की वेड, असा प्रश्न मित्रांनाही पडला असेल. पार्लमेंटच्या सभासदाला तेव्हा पगार नव्हता, तो १९११ पासून सुरू झाला. खर्च सगळा उमेदवाराचा. काही संस्थानिकांनी मदत केली, बाकी ओढाताण. होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि आपटले: त्यांना १,९५०, प्रतिस्पर्ध्याला ३,६५१.

त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. नोव्हेंबर १८८८ च्या अखेरीस एडिंबराच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी म्हणाले की माणुसकी कितीही पुढे गेली असली तरी एखादा इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल या थराला आपण अजून आलेलो नाही. देशभर गदारोळ झाला. ज्या माणसाचे नाव मोजक्या लोकांना माहीत होते तो रातोरात घराघरात पोहोचला. लिबरल मंडळींनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. गंमत अशी की दादाभाईंचा वर्ण सॉल्सबरींपेक्षा फारसा वेगळा नाही, हे त्या वेळच्या वृत्तपत्रांनीच दाखवून दिले. दादाभाईंनी या अपमानाचे भांडवल केले नाही, आणि तो विसरलेही नाहीत. ज्यांचा अपमान झाला ते सबंध हिंदी लोक आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ क्लार्केनवेलच्या आसपासचा. घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार, छोटे दुकानदार यांची वस्ती, आणि जहाल मतांची जुनी परंपरा. इथे दादाभाईंनी चार वर्षे मशागत केली. त्यांच्याच पक्षातले काही त्यांच्याविरुद्ध उठले, पर्यायी उमेदवार पुढे केले. दादाभाई हटले नाहीत. ते गल्लीबोळांतल्या सभांना गेले, आठ तासांच्या कामाच्या दिवसाला, आयर्लंडच्या स्वराज्याला, बायकांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला. मायकेल डॅव्हिटसारखा आयरिश पुढारी त्यांना आयर्लंडमधून जागा मिळवून द्यायच्या खटपटीत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांच्या बाजूने होत्या. परदेशातून येऊन स्थायिक झालेला माणूस राजकारणात कसा रुजतो याचा हा फार शिकण्यासारखा नमुना आहे. त्याने आधी तिथल्या लोकांचे प्रश्न आपले केले, मग आपला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. १८९२ च्या जुलैमध्ये ते कॅप्टन पेन्टनना एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी हरवून निवडून आले. विरोधकांनी त्यांना ‘मिस्टर नॅरो मेजॉरिटी’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनी शपथ घेतली ती खोर्देह अवेस्तावर हात ठेवून.

त्यांच्या आधी डायस सोम्बर नावाचा हिंदी रक्ताचा एक धनिक १८४१ मध्ये निवडून आला होता, पण लाचलुचपतीवरून ती निवडणूक पुढच्या वर्षी रद्द झाली. लोकांमध्ये राबून, लोकांच्या मतांनी, आपल्या देशाचे गाऱ्हाणे मांडायला तिथे गेलेले पहिले दादाभाईच.

पार्लमेंटातली तीन वर्षे त्यांना फळली का? एक ठराव सांगतो. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी मांडलेला, सनदी परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्याव्यात असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. दादाभाईंनी त्यावर बोलून पाठिंबा दिला. मग भारत सरकारने तो गुंडाळून ठेवला, आणि ती परीक्षा हिंदुस्थानात सुरू व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. जिंकूनही काही हाती येत नाही, हा अनुभव कडवट होता. त्याच साली त्यांचा एकुलता एक मुलगा, डॉक्टर झालेला अर्देशर, वारला. तरीही डिसेंबरात ते लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवायला हिंदुस्थानात आले. १८९५ मध्ये त्यांची जागा गेली. त्याच निवडणुकीत दुसरे एक पारशी, मंचेरजी भावनगरी, काँझर्व्हेटिव्ह पक्षातून निवडून आले आणि इंग्रज राज्याची बाजू मांडू लागले. १९०६ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, दादाभाई पुन्हा एकदा उत्तर लँबेथमधून उभे राहिले आणि हरले.

त्यांच्या विचारातली एक अडचण वाचकाने नजरेआड करू नये. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांचा गाढ विश्वास होता. हिंदुस्थानातला कारभार वाईट आहे कारण तो इंग्रजांच्या स्वतःच्या तत्त्वांना धरून नाही, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९०१ च्या त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ आहे, ते त्यामुळेच. नंतरच्या पिढीला हा भोळेपणा वाटला. टिळकांच्या गटाला अर्ज-विनंत्यांचा कंटाळा आला होता. पण दादाभाईंचा हा विश्वास घरबसल्या मनात धरलेला नव्हता. तो घेऊन त्यांनी पन्नास वर्षे त्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहिली, सगळे पुरावे पुढे ठेवले, दरवाजे ठोठावले. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा व्यापारी व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा जगभरच्या कामगार प्रतिनिधींनी उभे राहून, स्तब्धता पाळून त्यांच्या देशाचा मान राखला. लिबरल पक्षाच्या मेजवानीपासून इथपर्यंतची वाटचाल सरळ रेषेतली नव्हती, आणि तिच्यात स्वतःची मते बदलण्याची त्यांची तयारी दिसते.

१९०६ ची कलकत्ता काँग्रेस जहाल आणि मवाळ यांच्या भांडणाने फुटायच्या बेतात होती. दोन्ही बाजूंना चालेल असा एकच माणूस उरला होता. आवाज खोल गेलेला, म्हणून दादाभाईंचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. नोकऱ्या, कर, कायदे करण्याचा हक्क हे सगळे त्यात होतेच, पण या सगळ्याची गोळाबेरीज त्यांनी ‘स्वराज्य’ या शब्दाने केली, आणि काँग्रेसच्या अध्यक्षाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला.

या चरित्रातले एक प्रकरण वाचक घाईने ओलांडतील अशी मला भीती आहे, ते वेल्बी कमिशनचे. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करायला नेमलेल्या या शाही कमिशनवर दादाभाई सभासद म्हणून बसले. शाही कमिशनवर हिंदी माणूस येण्याची ही पहिली वेळ. १८९७ मध्ये साक्ष द्यायला हिंदुस्थानातून दिनशा वाच्छा, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रह्मण्यम अय्यर आले. त्यांनी आकडे घेऊन यावेत म्हणून दादाभाई आधी महिनोन् महिने पत्रे लिहीत होते. मग ते स्वतः कमिशनरच्या खुर्चीतून उठून साक्षीदार म्हणून उभे राहिले. बहुमताचा अहवाल त्यांना पटला नाही, तेव्हा वेडरबर्न आणि केन या सभासदांसह त्यांनी वेगळा अहवाल दिला. साम्राज्याच्या फायद्यासाठी होणाऱ्या खर्चात इंग्लंडने आपला वाटा उचलावा, ही त्यातली मागणी. एका कापूस व्यापाऱ्याने १८६७ मध्ये विचारलेला प्रश्न तीन दशकांनी सरकारी कमिशनच्या टेबलावर आला होता, आणि सरकारला त्यावर जबाब द्यावा लागत होता.

ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी या पुस्तकासोबत दादाभाईंचा मूळ ग्रंथही उघडावा. भाषणांकडे नंतर वळावे. आधी कोष्टके पाहावीत, आणि त्यातही मध्य प्रांताचे, कारण नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे आपले जिल्हे तेव्हा त्या प्रांतात होते, आणि तिथल्या भाताचा आणि गव्हाचा भाव दादाभाईंनी लंडनमध्ये बसून, एकेक जिल्हा घेऊन, पुन्हा मोजला होता.